तुमच्या अंगठ्याला झालेला उशीर

काका,

परवा कॉलेजच्या चॅपलमध्ये तुमच्याबद्दल बरीच माणसं बोलली. फिजिक्स विभागाच्या प्रमुखबाईंनी तुमचं नागपूर, तुमची डॉक्टरेट, तुमचे शोधनिबंध, तुमच्या हाताखालून गेलेले विद्यार्थी, सगळं एका कागदावरून नीट वाचून दाखवलं. मी ऐकत होते आणि मला वाटत होतं, हे प्रोफेसर मोहरीर कुणी फार मोठे गृहस्थ असावेत. आपली ओळख असती तर बरं झालं असतं. मग एक पिकल्या केसांचे गृहस्थ उठले आणि गंभीर आवाजात म्हणाले, इतके हिवाळे बास्केटबॉलचं घड्याळ सांभाळणाऱ्या आपल्या मित्राचं घड्याळ आज थांबलं आहे. काकू माझ्या शेजारी बसल्या होत्या. समोर बघतच त्या पुटपुटल्या, "हे वाक्य ह्यांनी ऐकलं असतं ना, तर उठून बसले असते."

मला हसू आलं. खरंच आलं.

जर्सीत, वेस्ट विंडसरला परत आल्यापासून मी सगळं करते आहे. ऑफिसला जाते, कुकर लावते, समीरशी बोलते. पण मधेच डोळ्यांसमोरचं पातळ होत जातं आणि मी तुमच्या त्या जुन्या जिममध्ये असते. उंच खिडक्यांबाहेर बर्फ पडतं आहे, आत पॉपकॉर्नचा आणि लाकडी फरशीच्या पॉलिशचा वास, बुटांची ती चीं-चीं, आणि माझ्या उजव्या हाताला तुम्ही, मफलर गळ्यातच ठेवून बसलेले. खूप बरं वाटतं. मग कुणीतरी हाक मारतं आणि मी परत येते.

आपली ओळख झाली ती माझ्या एका चुकलेल्या नेमामुळे. पेनसिल्व्हेनियातल्या त्या गावात आम्हाला येऊन थोडेच आठवडे झाले होते. समीरचा प्रोजेक्ट तिथल्या एका इन्शुरन्स कंपनीत. तो सकाळी जायचा, अंधार पडल्यावर यायचा. मी डिपेंडंट व्हिसावर. इंजिनिअरिंगची डिग्री सूटकेसमध्ये, काम करायला बंदी, गाडी येत नाही, बस नाही. धुतलेले कप मी पुन्हा धुवायचे. मग दुपारी चालायला लागले, आणि एकदा चालत चालत कॉलेजच्या मागच्या उघड्या कोर्टवर आले. कुणाचा तरी चेंडू तिथे विसरलेला होता. अंगात समीरचं ढगळ जॅकेट, खाली सलवार. पुण्याला शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर सोडलेला चेंडू इतक्या वर्षांनी हातात आला. पहिला आत गेला. दुसरा आत गेला. तिसरा रिंगवर आपटून झुडपात गेला, आणि मी मोठ्यानं म्हणाले, "श्या!"

"वा!" मागून आवाज आला. "मी समजत होतो हा शब्द या गावात फक्त माझ्याच घरी बोलतात."

वळून बघितलं तर तुम्ही. कानटोपी, हातात बॅग, नाकाचा शेंडा थंडीनं लाल. तुम्ही स्वतः झुडपात हात घालून चेंडू काढलात, माझ्याकडे टाकलात आणि म्हणालात, "कोपर बाहेर जातं आहे. बाकी हात खेळलेला आहे. कुठल्या गावचा?"

"पुण्याचा."

"असू द्या," तुम्ही म्हणालात. "चला, चहा घेऊ. आमच्या हिला कुणीतरी बोलायला पाहिजेच आहे."

त्या दिवशी तुमच्या स्वयंपाकघरात मी इतकं बोलले की काकूंनी दोनदा चहा टाकला. निघताना तुम्ही अगदी सहज सांगितलंत की जिममध्ये टेबलावर एक जागा रिकामी आहे. पगार नाही, खेळणाऱ्या पोट्ट्यांसोबत पिझ्झा मिळतो. मी आजही विचार करते, तो तिसरा चेंडू आत गेला असता तर?

कोर्टाच्या कडेला मधोमध ते लांब टेबल. सामन्याचं मोठं घड्याळ तुमच्याकडे. माझ्याकडे लहान घड्याळ: ज्या संघाकडे चेंडू आहे त्यानं पस्तीस सेकंदांत बास्केटकडे टाकलाच पाहिजे, ते पस्तीस सेकंद मी मोजायचे. पहिल्याच दिवशी एका मुलानं लांबून सुरेख बास्केट केली आणि मी टाळ्या वाजवल्या. तुम्ही समोर बघतच म्हणालात, "टेबलावर बसणाऱ्याला टीम नसते."

"पण आपलं कॉलेज आहे ना, काका?"

"घरी गेल्यावर आपलं."

आणि तुम्ही खरोखर मॅच बघायचाच नाहीत. चेंडू आणि पंचाचा हात, एवढंच. शिट्टी वाजली, हात वर गेला, की तुमच्या अंगठ्यानं घड्याळ थांबलेलं असायचं. मी परत जाताना गाडीत विचारायचे, "तो पास बघितलात?" तुम्ही म्हणायचात, "असेल." मला ते फार विचित्र वाटायचं. रोज देवळाच्या दारात बसायचं आणि आत वाकून बघायचं नाही, तसं. एकदा मी हे बोललेही. तुम्ही म्हणालात, "कुणीतरी चपला सांभाळाव्या लागतात, बावा."

आपले वाद तेव्हापासूनचे. तुम्ही डब्यात सांबारवडी आणायचात आणि मी म्हणायचे, ही कोथिंबिरीची वडी आहे, सांबार म्हणजे इडलीबरोबरचं. तुम्ही म्हणायचात, सांबार म्हणजेच कोथिंबीर, तुम्हा पुण्याच्या लोकांना भाजी घ्यायला पाठवलं की असं होतं. पंच मात्र त्या वादात न पडता हाफटाइमला डबा रिकामा करायचे.

माझा तिथला दुसरा हिवाळा. त्या वर्षी काहीतरी झालं. तळाला असणारं आपलं कॉलेज जिंकायला लागलं. आजूबाजूच्या छोट्या कॉलेजांचा एक गट असतो, त्याला कॉन्फरन्स म्हणतात. हिवाळाभर ती आपसांत खेळतात आणि शेवटी त्यांची टूर्नामेंट होते. ती जिंकणारा एकच संघ पुढे देशपातळीवर जातो. बाकीच्यांचा हिवाळा तिथेच संपतो. आपल्या कॉलेजसाठी तो नेहमी तिथेच संपला होता. त्या वर्षी मात्र बेकरीतली बाई पोरांकडून डोनटचे पैसे घेईना, न्हाव्याच्या दुकानाच्या काचेवर खेळाडूंचे नंबर रंगवले गेले, आणि गाव एखाद्या लग्नघरासारखं जरा वेड्यासारखं वागायला लागलं. उपान्त्य सामना जिंकला आणि फायनल आपल्याच जिममध्ये ठरली.

टेरेन्स त्या संघाचा. उंच, सडपातळ, शेवटच्या वर्षाचा. तुमच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचा, कारण दुसरीकडे पाय मावायचे नाहीत. परीक्षेत त्याला फारसं येत नव्हतं, पण तुम्ही म्हणायचात, "जे मी फळ्यावर तासभर सांगतो ते हा पोट्टा मनगटानं सांगतो." फायनलला त्याची आई फिलाडेल्फियाहून आली होती, पहिल्यांदाच. हॉस्पिटलमधल्या नोकरीमुळे तिला शनिवार कधी मिळायचे नाहीत. आपल्या टेबलाच्या अगदी समोर बसली होती, मांडीवर कोट घडी करून. आणि त्या दिवशी काकूही आल्या होत्या, त्याही पहिल्यांदाच. त्यांना खेळ कळत नव्हता. "सगळं गाव जातंय तर मीच काय घरी बसू," एवढंच म्हणाल्या.

शनिवारची दुपार. वरच्या खिडक्यांतून बर्फाचा पांढुरका उजेड येत होता आणि खालच्या पिवळ्या दिव्यांत मिसळत होता. पोरं त्या उजेडात पाण्यातून चालल्यासारखी दिसत होती. आवाज इतका होता की काही वेळानं तो ऐकूच येईना. खेळ शेवटाला आला तेव्हा आपण एका गुणानं मागे होतो आणि जेमतेम एक सेकंद उरला होता. चेंडू आपल्याकडे, पण पार दुसऱ्या टोकाच्या रेषेबाहेरून टाकायचा. आत कुणाच्या हाताला लागेपर्यंत घड्याळ थांबलेलं राहतं, आणि भोंग्याआधी हातातून सुटलेलाच चेंडू धरतात. पस्तीसहून कमी सेकंद राहिले की माझ्या घड्याळाला काही काम नसतं, ते विझवून टाकतात. म्हणून मला नुसतं बघायचं होतं.

आणि रेषेबाहेरच्या पोरानं चेंडू फेकला. अख्ख्या कोर्टावरून. काका, तो चेंडू किती सावकाश गेला! वरच्या दिव्यांच्या अगदी जवळून, स्वतःभोवती हळूहळू फिरत, सगळ्यांच्या उंचावलेल्या तोंडांवरून. मला वाटलं, हा खाली येणारच नाही. मग टेरेन्स उडाला, दोन्ही हातांनी त्यानं तो हवेतून काढून घेतला, खाली आला, वळला, त्यानं चेंडू एकदा जमिनीवर आपटला आणि टाकला. चेंडू हवेत असताना भोंगा वाजला. आणि चेंडू आत.

त्यानंतर मला फक्त माणसं आठवतात. वरून, बाजूनं, सगळीकडून कोर्टावर उतरणारी माणसं. टेरेन्सची आई कोट खाली पडलेला तसाच सोडून धावत होती. आणि त्या सगळ्यातून दुसऱ्या संघाचा कोच आपल्या टेबलावरच्या घड्याळाकडे बोट दाखवत ओरडत येत होता: उशिरा सुरू झालं, उशिरा सुरू झालं!

तेव्हा आपल्याकडे टीव्हीचा कॅमेरा नव्हता, पुन्हा बघायची सोय नव्हती. मुख्य पंच टेबलाशी आला. घामानं चिंब, हसतमुख. गेली कित्येक वर्षं तो तुमच्या हातच्या सांबारवड्या खात होता. त्यानं वाकून विचारलं, "ऑल गुड?"

आणि तुम्ही म्हणालात, "नो."

त्याला नीट ऐकू आलं नाही. त्यानं कान पुढे केला. तुम्ही उभे राहिलात आणि अगदी वर्गात सांगतात तसं सांगितलंत: "मी उशीर केला. चेंडू त्याच्या हातात आला तेव्हा सुरू करायला हवं होतं. त्यानं तो जमिनीवर आपटला तेव्हा माझा अंगठा हलला."

तिघं पंच बाजूला गेले. परत आले, तेव्हा मुख्य पंचाचा चेहरा बदललेला होता. त्यानं दोन्ही हात आडवे फिरवले. बास्केट रद्द. मॅच संपली.

आवाज एकदम गेला नाही. कोपऱ्याकोपऱ्यातून विझत गेला, कारण लांबच्यांना उशिरा कळलं. कुणीतरी फेकलेला कागदी पेला टेबलावर पडला, कोक माझ्या बाहीवर उडालं. टेरेन्स जिथे होता तिथेच खाली बसला. त्याची आई त्याच्यापर्यंत पोचली आणि तीही तिथे फरशीवर बसली. तुम्ही घड्याळाच्या यंत्राची वायर गुंडाळलीत. नेहमीसारखी, नीट.

गाडीत मी मागे बसले होते, काकू पुढे. तुम्ही नेहमीपेक्षाही सावकाश चालवत होतात. कॉलेजचं फाटक ओलांडलं आणि माझ्याच्यानं राहवेना.

"तुम्हाला कुणी विचारलं होतं, काका?"

"पंचानं विचारलं."

"तो प्रश्न नव्हता! तो शिष्टाचार होता. 'कसे आहात' म्हटल्यावर आपण काय दुखणी सांगतो का?"

"मला तो प्रश्न वाटला."

"नुसती मान हलवली असतीत तरी चाललं असतं. आणि अर्ध्या सेकंदानं काय होतं? वेळेत सुरू केलं असतंत तरी बास्केट बसली असती कदाचित!"

"कदाचित," तुम्ही म्हणालात. "पण कदाचितचं बटण नाही ना माझ्याकडे."

काकू खिडकीबाहेर बघत होत्या. नंतरही कधी या वादात पडल्या नाहीत.

सोमवारी तुम्ही कॅन्टीनमध्ये टेरेन्सला जाऊन भेटलात. हे तुम्हीच मला सांगितलंत. तुम्ही म्हणालात, "उशीर माझा झाला आणि किंमत तू दिलीस." तो ट्रे बाजूला सारून म्हणाला, "प्रोफेसर, यू कुड हॅव जस्ट नॉडेड." तुम्ही म्हणालात, "येस." बस्स. तुम्ही हे सांगत होतात तेव्हा मी मनात त्या मुलाच्या बाजूनं होते आणि तुम्हाला ते माहीत होतं.

गाव तुमच्याशी वाईट वागलं असं नाही म्हणता येणार. फक्त बेकरीतली बाई गप्प झाली. पोस्टात लोक हवापाण्यावर बोलायचे आणि तुम्ही आलात की हवापाणीसुद्धा संपायचं. अमेरिकेत माणसं भांडत नाहीत, थंड होतात. तुम्हाला त्याचं वाईट वाटतं आहे का, हे मी कधी विचारलं नाही. कानटोपी घालून तुम्ही रोज पोस्टात जातच राहिलात.

एप्रिलमधली ती दुपार मला आता सारखी आठवते. बर्फ वितळून सगळीकडे पाणी वाहत होतं, मागच्या कोर्टवर मी चेंडू टाकत होते आणि तुम्ही बाकावर बसला होतात. मी पुन्हा तोच विषय काढला. पण या वेळी वेगळं विचारलं.

"काका, तुम्हाला कधी उशीर होत नाही. त्या दिवशीच कसा झाला?"

तुम्ही चष्मा काढून पुसलात. उगाच पुसलात, तो स्वच्छच होता.

"मी बघत राहिलो," तुम्ही म्हणालात.

"काय?"

"तो चेंडू. इतकी वर्षं पंचाचा हात बघितला. त्या दिवशी चेंडू वर गेला आणि मी नुसता बघतच राहिलो, अनघा. माझ्या हातात बटण आहे हेच विसरलो. शपथेवर सांगतो, इतकं सुंदर काही मी पहिल्यांदाच बघून राहिलो होतो. मग तो आपटल्याचा आवाज आला आणि मी जागा झालो." थोड्या वेळानं म्हणालात, "बास्केट वैध नव्हती. पण सुंदर होती."

मी चेंडू उचलून पुन्हा टाकला. तुम्ही म्हणालात, "कोपर आत घे."

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडावर क्रीडा विभागातून तुम्हाला फोन आला. या वर्षापासून घड्याळ दुसऱ्या कुणाकडे तरी देतो आहोत, तुम्ही आता आराम करा. मग त्यांनी मला फोन केला: तुला सगळं येतं, तूच मोठ्या घड्याळावर बस. मी तडक तुमच्याकडे आले. "मी बसणार नाही त्या खुर्चीवर!"

"काहून?"

"काहून काय काका? तुमची जागा आहे ती!"

"जागा घड्याळाची आहे," तुम्ही म्हणालात. "कुणी धड न शिकलेला बसला तर पोट्ट्यांचं नुकसान होईल. बस तू. आणि मला आता टीम असू शकते, हे विसरू नको."

तुमच्या त्या वाक्याचा अर्थ मला पहिल्या सामन्यात कळला. वरच्या रांगेत तुम्ही आणि काकू. आणि तुम्ही ओरडत होतात! "अरे हात वर कर, बावा! काय करून राहिला!" अख्ख्या पेनसिल्व्हेनियात कुणाला न कळणाऱ्या भाषेत. तुमच्या पुढच्या रांगेतले विद्यार्थी आधी दचकले, मग हसले, मग महिनाभरात तेही 'हात वर कर' म्हणायला लागले. त्या ओरडण्यानं गावाचं बर्फ फुटलं. बेकरीतली बाई एकदा तुमच्या शेजारी येऊन बसली आणि तिनं न बोलता पॉपकॉर्नची पिशवी तुमच्या पुढे केली. मी खालून बघितलं. तुम्ही मूठभर घेतलेत. पुढे गावानं तुम्हाला परत घेतलं की तुम्ही गावाला, मला सांगता येणार नाही.

मी दोन हिवाळे तुमच्या खुर्चीवर बसले. आणि काका, एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. प्रत्येक सामन्याच्या शेवटी पंच यायचा, वाकायचा, विचारायचा, आणि मी मान हलवायचे. सगळं खरोखर ठीक असायचं. तरी त्या मान हलवण्याआधी एक पोकळ क्षण यायचा. माणूस समोर उभा आहे, तो माझ्यावर विश्वास ठेवायला तयार आहे, मी जे म्हणेन ते खरं होणार आहे. त्या क्षणात किती एकटं वाटतं हे मला त्या खुर्चीवर बसेपर्यंत ठाऊक नव्हतं. हे तुम्हाला सांगायचं मनात यायचं आणि मी वर बघायचे. तुम्ही काकूंना काहीतरी समजावत हातवारे करत असायचात. राहून जायचं.

मग समीरची नोकरी बदलली, आम्ही जर्सीला आलो, माझं वर्क परमिट आलं, दिवस भरून गेले. मार्च लागला की तुमचा फोन यायचा. "पुण्याची पार्टी आहे का घरी?" टूर्नामेंटचा निकाल सांगायचात, आणि मग आपण ठरल्यासारखे त्या बास्केटवर यायचो. मी म्हणायचे, तुम्ही गप्प बसायला हवं होतं. तुम्ही म्हणायचात, विचारलं होतं. या वर्षी फोनची वेळ व्हायच्या आधीच काकूंचा फोन आला. सकाळी खिडकीशी चहा घेत बसला होतात. काकू बिस्किटं आणायला आत गेल्या, तेवढ्यात. त्यांचा आवाज अगदी साधा होता. "अनघा, हे गेले गं," म्हणाल्या, "तू येशील ना?"

चॅपलमधून आम्ही तुमच्या घरी आलो. हळूहळू सगळे पांगले आणि शेवटी स्वयंपाकघरात काकू, मी आणि एक उंच माणूस उरलो. काळा सूट, पाय टेबलाखाली मावत नव्हते. टेरेन्स. आता एका शाळेत शिकवतो, तिथल्या मुलांचा कोच आहे. मी त्याला म्हणाले, इतक्या लांबून आलास. तो म्हणाला, "दर मार्चमध्ये त्यांचा फोन यायचा."

मी चमकले. "तुलाही?"

"कॉलेज सोडल्यापासून, दर वर्षी. दर वेळी मी म्हणायचो, प्रोफेसर, ती बास्केट वेळेत होती. ते म्हणायचे, नव्हती, पण सुंदर होती. मग माझ्या मुलांबद्दल विचारायचे."

खरं सांगू? क्षणभर मला मत्सर वाटला. तो वाद माझा होता, आपल्या दोघांचा. मग वाटलं, तुम्ही इतकी वर्षं एकाच पराभवासाठी दोन घरी फोन करत होतात. काकूंनी चहा ओतला. टेरेन्सनं कप दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "अजूनही सांगतो, वेळेत होती. त्यांनी नुसती मान हलवायला हवी होती. तुलाही तसंच वाटतं ना? ते म्हणायचे, जर्सीत तुझ्या बाजूची एक बाई आहे."

आणि काका, हो म्हणायला मी तोंड उघडलं. इतक्या वर्षांचं तयार उत्तर होतं. पण त्या टेबलाभोवती आम्ही तिघंच होतो, आणि तुमच्या बाजूनं बोलायला कुणीच नव्हतं. मी म्हणाले, "नाही टेरेन्स. त्यांना विचारलं होतं."

मग त्याचे डोळे भरले, आणि तो हसलाही. म्हणाला, "तू तर त्यांच्याच सुरात बोलते आहेस." मीही इरेला पेटले. त्या खुर्चीवर बसल्यावर काय होतं ते मी त्याला सांगितलं, तुम्हाला सांगायचं राहिलेलं सगळं त्याला सांगितलं. तो ऐकेना. तो म्हणाला, अर्ध्या सेकंदानं काही फरक पडला नसता; त्यानं कितीदा मनात मोजलं आहे. आम्ही खरंच भांडलो. तुम्ही गेल्याला आठवडा झाला नव्हता आणि तुमच्या स्वयंपाकघरात आवाज चढले होते. शेवटी टेरेन्स काकूंकडे वळला. मी मराठीत त्यांना विचारलं, "काकू, तुम्ही सांगा. तुम्ही त्या दिवशी होतात ना तिथे. वेळेत होती की नव्हती?"

काकूंनी कपबशा गोळा केल्या. नळ सुरू केला, बंद केला.

"मला काय माहीत बाई," त्या म्हणाल्या. "मी चेंडूकडे बघत नव्हते. मला खेळ कुठे कळतो. मी ह्यांच्याकडे बघत होते." त्यांनी हात पुसले. "मान वर, तोंड उघडं, आणि सगळ्या चेहऱ्यावर ते दिवे. लग्नाला इतकी वर्षं झाली, असा चेहरा मी कधी बघितला नव्हता. मला वाटलं, जिंकोत नाहीतर हरोत, आता घरी गेलो तरी चालेल."

टेरेन्सनं मला विचारलं, काय म्हणाल्या. मी त्याला सांगितलं.

मला हे माहीत नव्हतं, काका. टेरेन्सलाही नव्हतं. आम्ही सगळे वर बघत होतो.